साखरेचा डाग

माझा थोरला भाऊ स्वतःला कपड्यांचा डॉक्टर म्हणवतो. गल्लीतले लोक त्याला 'ड्रायक्लीन' म्हणतात आणि त्याला तो बहुमान वाटतो, आता काय बोलायचं! दुकानाच्या दारावर त्याने स्वतःच्या हाताने पाटी रंगवली आहे, 'पाण्याशिवाय धुलाई'. पाणी त्याच्या लेखी गरिबांचं औषध. आमचं मशीन एका उग्र वासाच्या रसायनात कपडे घुसळतं, आणि ते रसायन जणू यानेच शोधून काढलंय अशा थाटात हा त्याची महती गिऱ्हाइकांना ऐकवत असतो. अर्ध्या हळकुंडाने पिवळा होणं म्हणजे काय ते बघायचं असेल तर आमच्या दुकानात या.

मला खरं तर वहिनीबद्दल सांगायचंय. पण वहिनीचं काही सांगायला घेतलं की हा मध्ये येतोच, त्याला इलाज नाही.

वहिनी लग्न होऊन आली तेव्हा दादाने तिला आधी बटणं लावायला बसवलं. मग डागांच्या टेबलावर. दुकानाच्या मागच्या खोलीत खिडकीखाली पत्रा ठोकलेलं एक टेबल आहे, त्यावर सात-आठ बाटल्या, एक मऊ ब्रश, एक थेंब सोडायची नळी आणि पांढऱ्या फडक्यांची चळत. त्या टेबलाशी ती एकोणीस वर्षं उभी राहिली. शाळा आठवीत सुटलेली, पण कपडा नाकाशी नेला की सांगायची, हे लोणी, ही शाई, हा कॉफीचा डाग आणि त्यात दूध जास्त होतं. दादा हे गिऱ्हाइकांना स्वतःचं म्हणून सांगायचा. आत येऊन तिला विचारायचा, बाहेर जाऊन घसा खाकरून बोलायचा.

रसायन विकायला एक माणूस महिन्यातून एकदा यायचा. एकदा दादा बाहेर गेलेला असताना वहिनीने त्याला विचारलं की सरबताचा डाग पाण्याने जातो आणि लोण्याच्या डागावरून पाणी नुसतं घसरतं, असं का. त्या माणसाने खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि चित्र काढून दाखवलं. पाण्याचा कण म्हणजे एक मोठा गोळा आणि त्याला एकाच अंगाला चिकटलेले दोन छोटे. मोठ्याच्या बाजूला थोडी ऋण वीज, छोट्यांच्या बाजूला थोडी धन. म्हणजे प्रत्येक कणाला दोन टोकं, दोन्ही ओढ लावणारी. मिठाच्या खड्यात धन आणि ऋण असे कण एकमेकांना धरून बसलेले असतात. पाणी चहूबाजूंनी शिरतं, एकेकाला वेढतं आणि सोडवून नेतं. साखरेच्या कणालाही अंगभर अशी टोकं असतात, म्हणून तीही पाण्यात जाते. लोण्याला तसलं टोकच नाही. पाण्याचे कण आपापसांतच घट्ट राहतात आणि लोणी बाजूला पडतं. आणि आमचं रसायन? ते लोण्याच्या जातीचं. लोणी काढतं, साखरेला हात लावत नाही.

वहिनी तेवढ्यावर थांबणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी तिने काचेच्या बाटलीत रसायन घेतलं, त्यात चमचाभर साखर टाकली, झाकण लावून हलवलं आणि खिडकीत ठेवलं. संध्याकाळपर्यंत साखर तळाशी होती तशी. शेजारच्या बाटलीत पाणी, त्यातली साखर कधीच दिसेनाशी झालेली. तिने दोन्ही बाटल्या दादाला दाखवल्या. साखर चहात टाकायची असते, हे उद्योग बंद कर, एवढं बोलून महाराज बाहेर गेले.

पण वहिनीला एका जुन्या कोड्याचं उत्तर सापडलं होतं. वर्षानुवर्षं आमच्याकडे असं व्हायचं की कपडा येताना स्वच्छ आणि इस्त्रीखालून निघताना त्यावर तपकिरी ठिपके. दादा आधी कापडाला नावं ठेवायचा, मग गिऱ्हाइकाला, आणि कोणी फारच चिडलं तर म्हणायचा, बायकोच्या हातून झालं असेल. गिऱ्हाईक आत डोकावून तिच्याकडे बघून जायचं. तिने सगळं लावून पाहिलं. बिनरंगाचं गोड पेय सांडतं, वाळतं, दिसत नाही. रसायन त्याला सोडवत नाही. वर वाफेची इस्त्री बसली की साखर करपते. म्हणजे कपडा मशीनमध्ये जायच्या आधीच तिथे पाणी लावायला हवं, आणि त्यासाठी काउंटरवर विचारायला हवं की काय सांडलंय. तिला तेवढंच हवं होतं, कपडे घेताना काउंटरवर उभं राहणं. दादा म्हणाला, गिऱ्हाइकाला असं विचारणं म्हणजे त्याचा अपमान. स्वतःला डॉक्टर म्हणवतो आणि रोग्याला काय होतंय ते विचारायचं नाही!

मग हॉटेलचं काम आलं. वेटरांचे बेचाळीस कोट, सगळे फिक्या मलई रंगाचे. मोठी मेजवानी झाली होती, तबकांतून सोडा आणि सरबतं फिरली होती. हे काम नीट झालं तर हॉटेलचे सगळे कपडे आमच्याकडे येणार होते. दादाने आदल्या दिवशीच वहिनीला बजावलं की या कोटांवर एक जरी ठिपका दिसला तर ते टेबल मी भंगारात देईन आणि तू घरी बसायचंस. आणि हे तो हसत म्हणाला नव्हता.

सकाळी तिने गठ्ठा सोडला. बाह्यांची टोकं चाचपली, वास घेतला. कापड किंचित कडक लागत होतं. ती दादाला म्हणाली की आधी बाह्यांना पाणी लावू दे. दादाने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाण्याने अस्तर आखडतं म्हणाला आणि सगळा गठ्ठा मशीनमध्ये ढकलला. तिने आजवर कापूस, रेशीम, लोकर सगळ्याला पाणी लावलं होतं, एक अस्तर आखडलं नव्हतं. पण उंटावरच्या शहाण्याला खालचं काय दिसणार?

कोट सुकून माझ्याकडे आले. प्रेस मी करतो. वहिनी माझ्या शेजारी येऊन हळूच म्हणाली, "भाऊजी, थांबा. बाह्यांवर साखर आहे. गरम लागलं की संपलं. मला तासभर द्या, मी हाताने काढते."

मला माहीत होतं ती बरोबर आहे. बाटल्या मी स्वतः पाहिल्या होत्या. तेवढ्यात दादा बाहेरून ओरडला की दुपारी हॉटेलचा मॅनेजर येतोय, हात चालव. आणि मी पहिला कोट प्रेसखाली घातला. का? माझं त्याच्यापुढे कधी तोंड उघडलंच नाही. उगाच कशाला, असं म्हणत मी चाळीस वर्षं काढली आहेत. पहिल्याच कोटावर ठिपके उमटले. दादाने वाकून पाहिलं, गार झालं की जातील म्हणाला आणि मी पुढचा घेतला. वहिनी परत टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

मॅनेजर आला तोवर तेवीस कोट झाले होते आणि तेवीसही बाह्यांवर चहा सांडल्यासारखे दिसत होते. तो नीटनेटका, हळू बोलणारा माणूस होता. त्याने एकेक बाही बघितली. दादाने ताबडतोब वहिनीकडे बोट दाखवलं. म्हणाला, मी नको म्हणत असताना हिने पाणी मारलं, बायकांना मशीनमधलं काय कळतं. चोराच्या उलट्या बोंबा दुसरं काय.

मॅनेजर माझ्याकडे वळला. "इस्त्री तुम्हीच केलीत ना? आधी कोणी काही बोललं होतं का?"

"नाही," मी म्हणालो.

वहिनीने माझ्याकडे पाहिलंही नाही. तिने न दाबलेल्या ढिगातला एक कोट उचलला, बाहीवर पाण्याचे चार थेंब सोडले, थोडा वेळ थांबली आणि पांढऱ्या फडक्याने टिपलं. फडकं स्वतःच्या जिभेला लावलं. मग त्या ओल्या भागाचं दुसरं टोक मॅनेजरपुढे धरलं. टाय लावलेला माणूस क्षणभर घुटमळला आणि त्याने जीभ लावली.

"गोड आहे," तो म्हणाला.

मग तिने त्याच कोटाच्या दुसऱ्या बाहीवरची साखर पाण्याने नीट काढली, बाही सुकवली आणि माझ्यापुढे ठेवली. मी दाबली. स्वच्छ निघाली. साखर न काढलेला एक कोट दाबून दाखवला, तर तपकिरी. हा धरून दाबलेले चोवीस आता पूर्ववत होणार नाहीत, हेही तिने त्याला सरळ सांगितलं. सबबी सांगत बसली नाही. मॅनेजरने उरलेले कोट तिच्या टेबलावर ठेवायला सांगितले आणि जाताना तिला विचारलं की आमच्या हॉटेलची स्वतःची धुलाईची खोली आहे, तिथे याल का. दादा मागून म्हणत होता, मी सकाळपासून हेच सांगत होतो की आधी पाणी लावा. लाज म्हणून काही असते, ती याच्या वाट्याला आलीच नाही.

ते अठरा कोट तिने संध्याकाळपर्यंत साफ करून दिले. मग बाटल्या पुसून पेटीत भरायला लागली. दादा घरी गेला होता. मी तिच्याजवळ गेलो. म्हणालो की वहिनी, तुमचंच खरं होतं, मला सकाळीच माहीत होतं.

तिने बाटलीचं बूच घट्ट केलं.

"ह्यांना खरंच कळत नव्हतं, भाऊजी," ती म्हणाली. "तुम्हाला कळत होतं."

हॉटेलात तिच्या हाताखाली आता चार माणसं आहेत. घरी ती दादाशी भांडते, त्याला दोन शब्द सुनावते, मग जेवायला वाढते. मला नुसतं वाढते.