पिन उपटली तेव्हा

तो हेडसेट रिमोटला जोडायचा असतो, टीव्हीला नाही, एवढं समजायलाच मला बरेच दिवस लागले. आवाज टीव्हीतून येतो, तर वायर टीव्हीलाच लागणार, हे माझं साधं गणित. मी लातुरात टीव्हीच्या मागं पिन खुपसून घसा कोरडा करायची आणि नांदेडहून लेक फोन करून सांगायची, मम्मी, तुझं काहीच ऐकू येत नाही. शेवटी कळलं, हातात धरायचा तो दोन शिंगांचा रिमोट असतो ना, त्याच्या खालच्या अंगाला एक भोक असतं, पिन तिथं जाते. लावली आणि लागलीच लेक कानात बोलली.

टीव्हीवर गेम खेळायचं ते यंत्र मुलाचं. तो नोकरीला पुण्याला गेला, यंत्र मागं राहिलं. तसलंच, पण नवं, एक जावयाकडं होतं. लेकीला सातवा लागला, डॉक्टरांनी जास्त हिंडू नको म्हणून बजावलं, तेव्हा तिनंच हे खूळ काढलं. दुपारी दोघींनी मिळून शेती करायची, पडद्यावरची. मी रेणापूरकडच्या शेतकऱ्याची पोर. त्या शेतात ना तण, ना रानडुक्कर, पेरलं की उगवलंच. मला त्याचा रागच यायचा. पण फोनवर 'हाव, बरी हाय'च्या पुढं न जाणारी लेक ट्रॅक्टर चालवता चालवता बोलायची, म्हणून मी खेळत होते.

माझा खरा जीव दुसरीकडंच अडकला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. मी मागची खोली रंगवून घेतली, बाज नव्यानं विणून घेतली, डिंक-खारीक आणली, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली. आणि लेक कधी न्यायला यायचं ते सांगेना. विचारलं की म्हणायची, सासूबाईंना विचारते. पुन्हा विचारलं की, त्या काही बोलल्या नाहीत. माझं डोकं तडकायचं.

त्या दुपारी आम्ही सोयाबीन काढत होतो. दोघींच्या कानांवर झाकणं, मध्ये कोण ऐकणार, म्हणून मी मोकळी सुटले.

"तुझी सासू तुला माहेरी सोडंना, मला ठावं हाय," मी म्हणाले. "नातवाचं तोंड आधी तिलाच बघायचं हाय. चार माणसांत मिरवायची लई हौस त्या बाईला."

कानात खरखर झाली आणि पंख्याचा आवाज यायला लागला. मग कुकरची शिट्टी. माझा कुकर तर केव्हाच उतरला होता. तरी रिमोट हातात घेऊन तशीच वायरीसकट स्वयंपाकघरात डोकावून आले, गॅस बंद. पिन सैल झाली असेल म्हणून दाबून बघितली. बोलणं मात्र चालूच ठेवलं. आणखी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. पडद्यावर लेकीचा ट्रॅक्टर उभ्या पिकात थांबला होता.

मग कानात विहीणबाई बोलल्या.

"शरणार्थ, ताई. टीव्हीतून समदं ऐकू येऊन राहिलं."

आम्हा लिंगायतांचा हाच नमस्कार, सवयीनं मीही शरणार्थ म्हणाले. डोक्यावर पदर घ्यायला गेले तर हेडसेट आडवा आला.

झालं काय, ते लेकीनं नंतर समजावलं. सासूबाई खोलीत आल्या. वडीलधारं माणूस समोर असताना कान बंद करून बसू नये, हे मीच तिला शिकवलेलं. तिनं हेडसेट उतरवला आणि घाईत पिनही उपटली. पिन निघाली की आवाज टीव्हीतून येतो, आणि तिकडचं बोलणं टिपायला तिच्या नव्या रिमोटातच एक बारीक माईक असतो, माझ्या जुन्यात नाही. म्हणजे माझ्याच शिकवणीनं मला विहिणीच्या घरात नेऊन उभं केलं.

विहीणबाई भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, भांडण मला समजतं. त्यांनी सांगितलं की मागच्या महिन्यापासून त्या स्वतःच लेकीला माहेरी जा म्हणत होत्या, बॅगही काढून दिली होती. लेक म्हणायची, मम्मीनं अजून बोलावलं नाही. मी म्हणाले, मी तर रोज बोलावते. मग आम्ही दोघींनी एकदमच लेकीला विचारलं, खरं काय ते सांग.

"मम्मी," लेक म्हणाली, "मला इथंच बरं वाटून राहिलं. तुला कसं सांगू, तेच कळंना."

पाठवणीच्या वेळी तिला पोटाशी धरून मी म्हणाले होते, सासरी तुझं मन रमू दे. रोज लिंगपूजेला बसल्यावर तेच मागत आले. देवानं ऐकलं होतं. मग छातीत एवढं का दुखलं, मला कळलं नाही, अजूनही कळत नाही. आनंद म्हणावा तर डोळे भरून आलेले, आणि रडावं तर कशासाठी?

विहीणबाई म्हणाल्या, तुम्हीच इकडं या, लेक-नातवाला तुमच्या हातानं न्हाऊ घाला, मी खोली मोकळी करते. मी हाव म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

संध्याकाळी डिंक, खारीक, दुपटी सगळं पिशव्यांत भरलं. बाज तेवढी नेता येण्यासारखी नव्हती.