येडबाची बोली

आईबापानं नावच येडबा ठेवलं, आता माणूस शहाणा निघावा तरी कसा? वालूरच्या शिवारात मेंढरं राखणाऱ्या या गड्यानं बसल्या बसल्या स्वतःची एक भाषा तयार केली. कशासाठी म्हणाल, तर गंमत म्हणून! दुसरं काही कारण नव्हतं.

राज्य निजामाचं. कचेरीत गेलं की दोन कारकून येडबाकडं बघून उर्दूत काहीतरी बोलायचे आणि हसायचे. बाजारात मारवाडी आपसात मारवाडी बोलायचे. तेलंगणातून आलेला शिपाई तर बायकोशी भांडायचा तोही तेलुगूत, म्हणजे गावाला कळायला नको! येडबाला लय हेवा वाटला. त्याला मराठी येत होती, पण ती मेली सगळ्यांनाच कळायची. आपली अशी एखादी बोली पाहिजे, असं त्याच्या मनानं घेतलं.

मेंढरामागं दिवस मोकळाच असतो. नियम त्यानं सोपा ठेवला, ज्या वस्तूचा जो आवाज तेच तिचं नाव. भाकर म्हणजे थपट. पाणी म्हणजे डुबू. बैलगाडी खडाड, आणि कोकरू म्यांकू. 'नाही' म्हणायचं तर नुसतं जिभेनं चक्. आणि होऊन गेलेली गोष्ट सांगायची असली तर शब्द लांबवायचा. थपट म्हणजे भाकर, आणि थपाऽऽट म्हणजे भाकर खाऊन झाली. लांब गेलं ते लांब बोलावं, असं त्याचं व्याकरण होतं. चार वर्षांत दीड-दोनशे शब्द जमले. मेंढरं हाकताना, कुत्र्याला बोलावताना, घोंगडी झटकताना त्याची ही बोली सुरू असायची, आणि स्वारी अशी खूश की विचारू नका.

अडचण एकच होती. समोरून उत्तर देणारं कुणी नव्हतं. चुलत भाऊ उमाजीला शिकवायला गेला तर तो जांभया द्यायचा. न्हाव्याला शिकवायला गेला तर त्यानं अर्धी दाढी करून उठवून लावलं.

त्या उन्हाळ्यात येडबाची मेंढरं दिनकररावांच्या रानात बसली होती. लेंड्यांचं खत पडावं म्हणून शेतकरी अशी मेंढरं बसवून घेतात आणि मेंढक्याला ज्वारी देतात. दिनकरराव मनानं दिलदार, पण टवाळखोर नंबर एक. एका सकाळी चारचौघांत म्हणाले, "येडबा, एकट्यानं बोलली ती भाषा न्हवं बाबा, ती बडबड! समजणारं दुसरं कुणी हाय का?"

येडबाच्या जिव्हारी लागलं. तो बोलून गेला, "आठ दिसांत आणतो मालक. न्हाई आणलं तर ही बोली पुन्हा माझ्या तोंडात येणार न्हाई."

बोलला खरा, आणि मग त्याला दरदरून घाम फुटला. चार वर्षांची मौज एका वाक्यात पणाला लावली की हो! आठ दिवस त्यानं उमाजीच्या मागं लागून घोकंपट्टी करून घेतली. उमाजीच्या डोक्यात थपट तेवढं पक्कं बसलं, कारण गड्याला भूक फार.

आठव्या दिवशी माणसं जमली. दिनकररावांनी येडबाला लिंबाखाली उभं केलं, खुणा करता येऊ नयेत म्हणून हात मागं बांधायला लावले आणि कानात सांगितलं, "गाडीखालच्या कोकराला पाणी पाज, म्हणून सांग."

येडबा ओरडला, "खडाड म्यांकू डुबू!"

उमाजीनं डोकं खाजवलं, इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग सरळ चुलीकडं गेला आणि येडबाच्या बायकोच्या, भिवराबाईच्या टोपल्यातली भाकर उचलून आणली. माणसं पोट धरधरून हसली. येडबाला मात्र रडू यायचं बाकी राहिलं होतं. "हरलो मालक," तो खाली बघून म्हणाला. "बोली संपली."

तेवढ्यात भिवराबाई उठली. पिठाचे हात पदराला पुसले, डेऱ्यातलं पाणी काढलं, गाडीखाली वाकून कोकराला पोटभर पाजलं. मग लिंबाकडं तोंड करून खणखणीत आवाजात म्हणाली, "म्यांकू डुबूऽऽ, करकुर!"

येडबाचा आ वासलेलाच राहिला. "अगं, तुला कसं येतं?"

"चार वर्सं ऐकायले की! मेंढरांना कळतं, मग मला न्हाई कळणार?"

"मग बोलली का न्हाईस?"

"जगाला इचारत फिरलात. मला कवा इचारलं?"

घ्या! न्हाव्याला विचारलं, कुत्र्याला विचारलं, घरच्या बाईला विचारायचं राहूनच गेलं होतं. येडबा ओशाळला. मग त्याला आठवलं. "पण करकुर? असा शब्द माझ्या बोलीत न्हाई."

"मी केलाय," ती म्हणाली, आणि तिचं तोंड लालेलाल झालं. "सांजच्याला वाटंनं तुमच्या वहाणा वाजत्यात ना, करकुर, करकुर. ते ऐकलं की मी तवा ठेवते. म्हनून तुमचं नाव करकुर."

आता आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घ्यायचं तेवढंच, एरवी जन्मभर 'अवो' आणि 'आमचे हे'. दिनकरराव डोळे वटारून म्हणाले, "भिवरे, चारचौघांत नवऱ्याचं नाव घेतलंस की गं!"

"मराठीत कुठं घेतलं, मालक?"

दिनकरराव इतके हसले की पटका सुटून गळ्यात आला. "जिंकलास रे येडबा!" म्हणाले. येडबाचं तिकडं ध्यानच नव्हतं. तो बायकोकडं बघत उभा होता, आणि दीड-दोनशे शब्दांतला त्याला एकही आठवत नव्हता.

वाजू नयेत म्हणून लोक वहाणांना तेल लावतात. त्या दिवसापासून येडबानं जन्मभर आपल्या वहाणांना तेल लावलं नाही.