डाव्या कुशीचा हट्ट

दुपारी जेवण झालं की डाव्या कुशीवर लवंडायचं, हा आमच्या घरचा कायदा. सासूबाईंनी केला आणि मी हवालदारासारखा चालवला. पिंप्राळ्याच्या घरात पंख्याखाली चटई पडली, की यजमानांवर माझा पहारा सुरू. गेल्या उन्हाळ्यात ते सारखे उजवीकडे वळायला लागले.

"अहो, डावीकडे! भरीत आहे पोटात."

"तिकडे वळलो की दम लागतो गं."

"भरतानं कुणाला दम लागत नाही. एक भाकरी कमी खा."

साठी ओलांडलेली मी, स्वतःला अर्धी डॉक्टर समजत होते! ओवा चावायला लावला, पाठीशी उशी खोचली आणि पुन्हा डावीकडे वळवलं. देवपूरहून नणंद आली होती. ती म्हणाली, "वहिनी, कसाले तरास देस त्याले? निजू दे ना!" तिलाही गप्प केलं.

मग एका सकाळी ते चप्पल घालायला वाकले आणि उंबऱ्यातच कोसळले.

डॉक्टरांनी इको काढताना पडदा आमच्याकडे वळवला. हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात देठाला लटकलेली गाठ होती. दर ठोक्याला ती खाली येऊन झडपेच्या तोंडात बसायची. रक्ताला पुढे जायला वाटच राहायची नाही, म्हणून दम. डाव्या कुशीवर ती जास्त अडकत असणार, डॉक्टर म्हणाले. गाठ कर्करोगाची वाटत नव्हती, पण तुकडा सुटून मेंदूत गेला तर धोका. लगेच काढायला हवी.

यजमान हसले. "ऐकलंत, हवालदारीणबाई?"

मी त्यांना हळूच उजव्या कुशीवर वळवलं.

ऑपरेशनला नेताना म्हणाले, "घरी गेलो की शेवभाजी कर. झणझणीत."

"आधी डॉक्टरांना विचारते."

"तू कधीपासून डॉक्टरांना विचारायला लागलीस?"

ढकलगाडी आत गेली.

दुपार उलटून गेल्यावर सर्जन बाहेर आले. गाठ पूर्ण निघाली होती. पण ती आपटून आपटून झडपेच्या पाकळ्या खराब झाल्या होत्या. "त्याही दुरुस्त केल्या," ते म्हणाले, "पण ऑपरेशनसाठी थांबवलेल्या हृदयानं पुन्हा जोर धरला नाही."

मी शहाणी. विचारलं, "मग कधी धरेल?"

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. शेजारी नणंदेनं हंबरडा फोडला, तरी मी उत्तराची वाट बघत उभीच.