बाईंचे आठ पायांचे कामकरी

दुःखाच्या घरी रिकामा बसलेला जावई डोळ्यावर येतो, म्हणून शेवंताबाईंच्या तेरवीच्या आदल्या दिवशी मी बांबूला झाडू बांधला आणि त्यांच्या अंगणातल्या वालाच्या मांडवावरची कोळ्यांची जाळी झाडून लख्ख केली. वळून पाहतो तर साडभाऊ, म्हणजे बाईंचे यजमान, दारात उभे, डोळ्यांत पाणी. मला वाटलं, कौतुकाचं असावं...

"भाऊ, हे काय करून राहिले जी? थे तिचे कामकरी होते."

शेवंताबाई म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण. त्यांना जाऊन आता महिना होईल. नवेगाव बांधजवळ त्यांची धानाची शेती. मी गोंदियात कापड विकणारा. किडा दिसला की चप्पल काढायची, एवढंच मला ठाऊक. बाईंचं घर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा भिंत पांढऱ्या मातीनं पोतलेली, पण कुंभारमाशीची मातीची घरं तेवढी वगळून. मी म्हटलं, "हे काऊन नाही काढले?" तर म्हणाल्या, "जवाईबापू, थे माशी भाजीवरच्या अळ्या उचलून नेते. तिचं घर पाडू, अन् तुमाले वाढू काय?"

एका वर्षी धानावर तुडतुडे उतरले. रस शोषून ते उभं पीक करपवतात. गावभर फवारणीचे पंप सुरू झाले. साडभाऊंनीही औषधाची बाटली आणली. तुडतुड्यांना मानवणारी ओल मोडायला बाईंनी बांधीतलं, म्हणजे धानाच्या खाचरातलं, पाणी काढलं, नवऱ्याला चिखलात वाकवलं आणि धानाचे बुंधे दाखवले. तिथं तुडतुड्यांमागे कोळी धावत होते. "कामकरी न्याहारीले बसले, अन् तुमी ताटात जहर टाकता?" बाकी पीक हाती आलं, पण एक कोपरा करपलाच. आल्यागेल्याला बाई आधी तो कोपरा दाखवत, मग उरलेलं शेत. ही हिंमत मला दुकानात कधी झाली नाही. भोक पडलेलं कापड मी घडीच्या आतच ठेवतो.

यंदा बाई तापानं गेल्या आणि तुडतुडे पुन्हा आले. खिडकीत नवी बाटली होती. "ती होती तं धीर होता," साडभाऊ म्हणाले. तेरवी उरकली की फवारणार होते.

तेरवीच्या सकाळी पाहतो, तर मांडवावर जाळी पुन्हा विणलेली, दवानं चमकणारी. साडभाऊंनीही ती पाहिली. मग बांधीत गेले, वाकले... परत येऊन बाटली माझ्या हातात ठेवली. "सडक अर्जुनीच्या दुकानात वापस देऊन द्या, भाऊ. मी पाणी काढून पायतो."

परतीच्या वाटेवर बायको दुकानाबाहेर थांबली. बाटली देऊन आलो तेव्हा म्हणाली, "घरची जाळी झाडाले सांगतलं का तुमचा खांदा दुखते. माह्या बहिणीच्याच घरी बरा चालला हात!" मग पदर डोळ्यांना लावला...

"आता घरची राहू द्या."