उघडी कार्डं, बंद पाकिटं

पोस्टात नोकरी केलेल्या माणसाकडं किस्से मागू नयेत. एक काढला की त्याला चिकटून दुसरा येतोच, ओल्या तिकिटांसारखा!

लढाईच्या दिवसांत मी श्रीगोंद्याकडच्या एका छोट्या पोस्टात क्लार्क होतो. पोस्टमास्तर अण्णा, पोस्टमन दगडू आणि मी. संपला स्टाफ!

*

दगडू कार्डं वाटता वाटता वाचायचा. एकदा लांबूनच ओरडला, "मावशे, नात झाली! कार्ड घिऊन येतोय!"

अण्णा चिडले. "दगडू, दुसऱ्याचं पत्र वाचणं गुन्हा आहे."

"पाकीट फोडनं गुन्हा हाय, अण्णा. कार्ड तर उघडंच अस्तंय. डोळं झाकून वाटू व्हय?"

अण्णांनी नियमांचं पुस्तक काढलं, तासभर चाळलं आणि गुपचूप परत ठेवलं.

*

पलटणीतून येणारी पत्रं फोडून, वर शिक्का मारून यायची.

"अण्णा, हा कोन साहेब लोकांची पाकिटं फोडतोय?"

"तो सेन्सॉर आहे. त्याला सरकारनं नेमलंय."

"मग मला बी न्येमा की! मी तर फुकट वाचतोय!"

*

अण्णांच्या नावाचं पाकीट त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी फोडलं. अण्णा म्हणाले, "अगं, पाकिटावर नाव माझं होतं!"

"अक्षर माझ्या आईचं होतं!"

*

मुलींच्या शाळेतल्या शांताबाईंना नगरच्या एका स्थळाकडून लेखी नकार आला. 'मुलगी जादा शीकलेली, घरात टीकनार नाही.' वडील पत्र लपवायला निघाले. बाईंनी ते खालचं नाव दुमडून वर्गात फळ्यावर लावलं, आणि शुद्धलेखनाच्या सगळ्या चुका लाल शाईनं दुरुस्त केल्या!

बातमी नगरला पोचली. वरपिता थेट पोस्टात हजर. "माझं खासगी पत्र चव्हाट्यावर! कायदा काय सांगतो?"

अण्णा शांतपणे म्हणाले, "कागद ज्याला पोचला त्याचा. मजकूर लिहिणाऱ्याचा."

"म्हणजे माझाच ना?"

"तुमचाच. चुकांसकट!"

*

गंगूबाईचा नवरा पलटणीत होता. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून त्याची पत्रं धाकटा दीर रामू चावडीत, चारचौघांत मोठ्यानं वाचायचा. दर पत्रात एक वाक्य ठरलेलं: 'रामू सांगेल तसं कर.'

"माझं मालक असं बोलत न्हाईत," गंगूबाई काकूंना म्हणाली. त्या उन्हाळ्यात रोज दुपारी ती काकूंपाशी पाटी घेऊन बसली. घरात कुणाला पत्ता नाही.

पावसाळ्यात पत्र आलं. तिनं ते मुकाट्यानं रामूच्या हातात दिलं. चावडी भरलेली, रामूनं बोलावलेला तलाठी कागद मांडून बसलेला, अंगठ्याला शाईसुद्धा तयार! मी तिथंच होतो. रामूनं घसा खाकरून वाचलं, "विहिरीकडचं तुझ्या नावावरचं शेत रामूच्या नावावर करून दे."

"भावजी, द्या हिकडं. पाकिटावर नाव माझं हाय."

रामू हसला. "वैनी, उलटं धराल बगा!"

तिनं पत्र सुलटं धरलं. एकेका अक्षराखाली बोट ठेवत, सगळ्या चावडीला ऐकू जाईल असं वाचत गेली.

"मी खुशाल आहे... विहिरीकडच्या शेतात... यंदा कांदा लाव..."

रामू उठून दाराकडं सरकला. गंगूबाईनं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं, आणि शेवटची ओळ न अडखळता वाचली:

"हे पत्र रामूला वाचायला देऊ नकोस."