दोन पेडलांची गाडी

डाव्या पायाची जखम मधुमेहामुळे चिघळली आणि माझ्या नवऱ्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. आमचं घर पोलादपुरात, त्यांची वकिली महाडच्या कोर्टात. कृत्रिम पाय बसल्यावर ते काठी घेऊन चालू लागले. पण एसटीत चढताना कंडक्टरने काखेत हात घालायचा, मागच्याने टेकू द्यायचा, हे त्यांना सोसेना. मुंबईच्या एका मित्राने मग जुनी ऑटोमॅटिक गाडी शोधून दिली. तिला क्लच नव्हता. दोनच पेडलं, दोन्ही उजव्या पायाची. पहिल्या दिवशी ते एकटेच महाडला जाऊन आले आणि जेवताना सारखे बोलत राहिले. पाय गेल्यापासून ते इतकं बोलले नव्हते.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर गाडी कुरकुरायला लागली. गिअरचा दांडा पुढे टाकला की ती जरा थांबायची, मग हिसका देऊन निघायची. "थंड आहे, तापली की ठीक होते," ते म्हणायचे. अंगणात गाडीखाली लालसर तेलाचे थेंब दिसायचे. मी दाखवले, तर म्हणाले, "जुनी आहे गं, एवढं चालायचंच."

त्याच सुमारास खेडला त्यांची मोठी बहीण आजारी पडली. आई गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलं होतं. निरोप आला तसे आम्ही निघालो. कशेडी घाटात अर्ध्यावर चढलो असू, इंजिन मोठ्याने ओरडायला लागलं आणि गाडीचा वेग मात्र कमी कमी होत गेला. जळक्या तेलाचा वास आला. गाडी थांबली आणि मागे सरकू लागली.

त्यांनी ब्रेक दाबून धरला, हँडब्रेक ओढला. "उतर! चाकामागे दगड लाव!"

मी उतरले. कठड्याजवळचा दगड दोन्ही हातांनी ओढत आणला. मागे लाकडं भरलेला ट्रक करकचून थांबला होता. त्याचा ड्रायव्हर धावत आला. "साहेबांना खाली उतरवा आधी, वहिनी."

"मी उतरणार नाही," हे म्हणाले. "ब्रेक सोडला तर गाडी जाईल."

ट्रकवाल्यांनी चारही चाकांना दगड लावले. गाडी पुढे जात नव्हती, मागेही घेता येत नव्हती. शेवटी सगळ्यांनी ढकलून तिचं तोंड पोलादपूरकडे वळवलं. उतारावर ती आपोआप जाणार होती, पण गिअर पकडत नसल्यामुळे सगळा भार ब्रेकवर येणार होता. ड्रायव्हर म्हणाला, "मी नेतो खाली." यांनी नकारार्थी मान हलवली. मी शेजारी बसले. दर वळणावर ब्रेकचा वास वाढत होता आणि त्यांचा उजवा पाय थरथरत होता. घाट संपल्यावर त्यांनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मी पाठीवर हात ठेवला, तर शर्ट घामाने भिजलेला.

पोलादपुरातल्या मेकॅनिकने बॉनेट उघडलं आणि मिटलं. "वकीलसाहेब, या गाडीला क्लच नाय. माझ्या हातचं काम नाय हे." टेम्पोवर चढवून गाडी महाडच्या गॅरेजात नेली. तिथला मालक खालून नीट बघून आला आणि हात पुसत म्हणाला, "हा ऑटोमॅटिक गिअर काढून टाका. साधा क्लचवाला गिअरबॉक्स बसवून देतो, कायमची कटकट जाईल."

ते पँट आणि बुटात उभे होते. त्याला कसं कळणार? त्यांनी काठीने डाव्या नडगीवर टकटक केली. लाकडासारखा आवाज आला. मालकाचा चेहरा उतरला. "माफ करा साहेब," तो म्हणाला. "मुंबईहून असाच जुना बॉक्स मिळतोय का बघतो."

बॉक्स मिळायला फार दिवस लागले. तोवर ते महाडला एसटीनेच गेले, खेडला मात्र नाही. "एवढी गाडी नीट होऊ दे, मग जाऊ," असं म्हणत राहिले. मी एकटी जाऊन आले. नणंद म्हणाली, "तो कसा नाय आला गो?" मी गाडी बिघडल्याचं सांगितलं. तिने भिंतीकडे तोंड केलं.

ती गेल्याचा फोन आला, तेव्हा गाडी गॅरेजातच होती. शेजाऱ्याच्या जीपमधून घाट चढलो. ते मागच्या बाकावर बसले होते, काठी दोन्ही हातांत घट्ट धरून. वर पोचेपर्यंत त्यांनी बाहेर पाहिलं नाही.

नंतर गाडी दुरुस्त होऊन आली. बरी चालायची. पोलादपूर ते महाड त्यांनी ती पुढे बरीच वर्षं चालवली. मी एकदा म्हटलं, "आता घाट चढेल की ती." ते आरशात बघून केस विंचरत होते.

"गाडी चढेल," ते म्हणाले. "पण आता तिकडे जायचं कुणाकडे?"