बँकेच्या पाच पायऱ्या

लोणावळ्याच्या बाजारपेठेतली आमच्या शाखेची इमारत पर्यटकांना फार आवडते. चिक्कीच्या पिशव्या सांभाळत ते समोर उभे राहतात, कमानींचे फोटो काढतात आणि जाता जाता एटीएम कुठे आहे ते विचारतात. इंग्रजांच्या अमदानीत ही म्हणे कुणा व्यापाऱ्याची पेढी होती. हातभर जाडीच्या काळ्या दगडी भिंती, बिडाचे खांब, मंगलोरी कौलं, उंचावर झरोके. ऐन मे महिन्यातही आत गारवा असतो. पावसाळ्यात मात्र फायलींना बुरशी येते. रस्त्यावरून आत यायला पाच रुंद पायऱ्या आहेत.

या पायऱ्यांना दरवर्षी पावसाळ्याआधी माझे वडील टाकी लावायचे. म्हणजे छिन्नीने बारीक घाव घालून दगड खरखरीत करायचा, जात्याला करतात तसाच. आमच्याकडचा दगड पायांनी झिजून गुळगुळीत होतो आणि ओला झाला की त्यावर पाय ठरत नाही. उर्स्याजवळच्या आमच्या गावातल्या विहाराची पायरीही त्यांनीच घडवली. त्यांच्या या कामावर मी शिकले, बँकेच्या परीक्षा दिल्या आणि बदल्या होत होत याच शाखेत मॅनेजर म्हणून आले. तोवर त्यांचं काम वयामुळे सुटलं होतं.

शाखेत मी वडिलांबद्दल कधी खोटं बोलले नाही. विषयच काढला नाही. कुणी विचारलंच तर 'बांधकामात होते' म्हणायचे, आणि ऐकणारा बिल्डर समजला तर समजू द्यायचे.

डागडुजीला मंजुरी आली तेव्हा मला शोभेची हौस आली. टाकीचे राहिलेले घाव माझ्या डोळ्यांना ओबडधोबड दिसत होते. मशीन लावून पायऱ्या अगदी आरशासारख्या करून घेतल्या. पाथरवटाच्या मुलीने हे करावं, म्हणजे दिव्याखाली अंधारच. वडिलांना मोबाईलवर फोटो दाखवला. त्यांनी तो जवळ धरून, लांब धरून पाहिला.

"लय चकचकीत झाल्यात," एवढंच म्हणाले. मला ते कौतुक वाटलं.

आषाढात पेन्शनसाठी आलेल्या एक मावशी तिसऱ्या पायरीवरून घसरल्या. हाड मोडलं नाही, पण कोपर चांगलंच सोलवटलं. खुर्चीत बसवून पाणी दिलं, तर मलाच समजावल्यासारखं म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे बाई. पर ह्या पायऱ्यांनी कंदी कुनाला पाडलं नव्हतं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी घरी सांगितलं. वडील चिडले नाहीत.

"फोटूतच कळलं व्हतं मला," ते म्हणाले. "म्हनलं, तू सायेब हायस, इचार केला असशील."

दोन दिवसांनी पाऊस उघडला आणि ते गोणपाटात छिन्नी-हातोडा गुंडाळून शाखेत हजर झाले. वय पंचाहत्तरीच्या पुढे, पण ऐकतात थोडेच. वरच्या पायरीपासून सुरुवात केली. ठक ठक आवाज आत कॅश काउंटरपर्यंत येत होता. चहाच्या वेळेला आमचा कॅशियर बाहेर जाऊन त्यांचा हात बघत उभा राहिला.

"आबा, असं काम करणारं आता कुणी मिळत नाही. मॅडमनी कुठून शोधून काढलं तुम्हाला?"

वडिलांनी मान वर केली नाही. "मॅडमच्याच गावचा हाय मी."

मी दारातच उभी होते. त्यांनीही खोटं सांगितलं नव्हतं. फक्त विषय काढला नव्हता. माझी लाज त्यांना किती वर्षांपासून ठाऊक होती, कोण जाणे. मला रडू आवरेना.

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले आणि कॅशियरला म्हणाले, "हे माझे वडील. या पायऱ्या इतकी वर्षं यांनीच सांभाळल्या."

छिन्नी जरा थांबली. मग वडिलांनी कोपराने मला हलकेच ढकललं.

"सरक तिकडं. कपची उडंल डोळ्यात."